दोन दात आणि एक चढता सूर

बँडवाल्याच्या घरात किस्से पाहुण्यांसारखे येतात. एकाला चहा देईस्तोवर दुसरा दारात! लग्नाच्या पहिल्याच वर्षी मी नागऱ्याच्या महादेवाला नवस बोलले होते, "ह्यांची बँडपार्टी सुटू दे, नारळ फोडीन." देवानं ऐकलं नाही. तरी नारळ मी दरवर्षी फोडते, न ऐकल्याबद्दल!

हे क्लॅरिनेट वाजवतात. यंदा नागपूरचे एक मास्तर आले. त्यांच्या व्हायोलिनवाल्यांसोबत आमच्या गोंदियाच्या बँडपार्टीनं जुनी जॅझ सिंफनी वाजवायची, चांगल्या हॉलमध्ये. सुरुवात ह्यांच्याकडे: क्लॅरिनेटचा एकच सूर, तळापासून ओढत थेट शेंड्यापर्यंत न्यायचा. आणि नेमके कार्यक्रमाच्या महिनाभर आधी ह्यांचे वरचे दोन दात काढावे लागले! नवे बसवले, पण क्लॅरिनेट टेकतं त्याच दातांवर. सूर निम्म्यावर गेला की फुस्स.

*

पहिल्या तालमीला मास्तर म्हणाले, "बसा." मोठा ड्रम वाजवणारे गेंदलालभाऊ खुर्चीकडे पाहतच राहिले.

"बसून कायले वाजवाचं जी? आमी का आजारी आहो?"

बसले बिचारे. पण ठेका रंगला तसे सगळे उठले आणि वाजवत वाजवत दाराबाहेर!

"अहो, कुठं निघाले?"

"मांडवाकडं!"

*

कागदावर एका जागी ट्रम्पेटनं सोळा मात्रा गप्प राहायचं होतं. आमचा ट्रम्पेटवाला सुरेश काही राहीना. दरवेळी आपलं काहीतरी भरून टाकायचा.

"सर, येवढा वेळ थांबलो तं नवरदेवाचा बाप येते विचाराले, 'काऊन बे, झोपले काय सगळे?'"

मास्तरांनी कपाळाला हात लावला. मग म्हणाले, "असं समज, वरात दवाखान्यासमोरून चालली आहे."

त्या दिवसापासून सुरेश बरोबर सोळा मात्रा गप्प!

*

घरी हे तोच सूर ओढत बसायचे. एका सकाळी शेजारच्या कौसल्याकाकू धावत आल्या.

"काय वं बाई, अँब्युलन्स कोणासाठी आली?"

"रियाज आहे काकू, ह्यांचा."

"रियाज? मंग मधातच काऊन बंद पडते?"

ह्यांनी ऐकलं. क्लॅरिनेट पेटीत ठेवलं. त्या दिवशी जेवले नाहीत. "मास्तरले सांगून टाकतो, दुसरा माणूस पाहा म्हणून," एवढंच बोलले. मी सोमवारपासून अळणी जेवण धरलं. सूर शेंड्याला पोचेस्तोवर मीठ नाही! माझं अळणी ताट पाहून ह्यांनी पेटी परत उघडली.

*

कार्यक्रमाच्या दिवशी हॉल गच्च भरला. मी पुढच्या रांगेत. मास्तरांनी ताल द्यायची काडी उचलली, ह्यांनी क्लॅरिनेट ओठांत धरलं. सूर निघाला. निम्म्यावर आला. निम्मा ओलांडला! चढला, आणखी चढला, आणि शेंड्याला जाऊन टेकला.

मला कळायच्या आत माझ्या तोंडून मोठ्यानं निघालं, "हर हर...!"

आख्ख्या हॉलनं उत्तर दिलं, "महादेव!"

गेंदलालभाऊंची थाप बरोबर त्यावरच पडली.

मी पदरात तोंड लपवलं ते शेवटपर्यंत. संपल्यावर मास्तर सरळ माझ्याकडंच आले. आता बोलणी बसणार! ते वाकून हळूच म्हणाले, "वहिनी, पुढच्या महिन्यात हाच कार्यक्रम नागपूरला आहे. पुढच्या रांगेतली खुर्ची तुमची."

तर बायांनो, तुमच्या घरात कोणाचा सूर अडला असेल, तर तुम्हीही एकदा पुढं जाऊन बसा. आणि पोचला की लाजू नका, 'हर हर' म्हणून टाका!