जावळाची पुडी

"रंग हाये आत्या, पण तो केसापत्तर पोचून न्हाई राह्यला," लेकीला मोठ्या दवाखान्यात दाखवून आल्यावर केशरबाई एकदा सासूला म्हणाली होती. सासू सगुणाबाई म्हणजे तिची सख्खी आत्याच. भाकरी थापता थापता तिनं विचारलं, "का? त्याची एसटी चुकली का?"

सासरी, वडीगोद्रीत, ते वाक्य चेष्टेवारी गेलं. केशरबाईनं तो विषय पुन्हा काढला नाही.

तिची दोन्ही लेकरं चांदीच्या केसांची जन्मली. जावळ काढलं की काळे येतील, असं सगळेच म्हणाले. मुलाचं जावळ काढलं. पुन्हा चांदीच उगवली. चौदाव्या महिन्यात तो तापानं गेला. मुलीच्या वेळी जावळ नदीत सोडताना केशरबाईनं चिमूटभर कागदात बांधून ठेवलं. मुलीलाही ताप चढला तेव्हा तिला आणि ती पुडी घेऊन केशरबाई औरंगाबादेच्या मोठ्या दवाखान्यात गेली.

डॉक्टरीणबाईंनी एक केस सूक्ष्मदर्शकाखाली धरून तिलाही बघायला लावलं. केसात काळे ओबडधोबड गोळे अडकले होते.

"रंग पेशीत तयार होतो. त्याला कडेला नेऊन सोडणारं प्रथिन हिच्यात नाही. रोगाशी लढणाऱ्या पेशींनाही तेच लागतं. नवरा नात्यातला का?"

"आत्याचा लेक."

"दोघांकडून एकेक खोट आली. तुझ्या बहिणीत असेल, दिरातही असेल. वरून दिसत नाही."

दिवाळीआधी मुलगी गेली. नवरा मच्छिंद्र मळ्यातच निजू लागला.

दोन हजार दोनच्या माघात धाकट्या बहिणीची, कौसल्येची, सुपारी फोडायला अंबडला माहेरी घर भरलं. नवरदेव भुजंग, केशरबाईचाच दीर. तिनं वडलांना, तातेरावांना, बाजूला घेतलं.

"दादा, तिला तिकडं न्हाई द्यायची."

"घरातली पोरगी घरात राह्यली. अन् तुलाबी सोबत होईल की."

सोबत. एका चुलीशी दोघी बहिणी. त्या घरात तिला हवं असलेलं तेवढंच एक होतं, आणि दादांनी नेमकं तेच पुढं केलं.

ती आत आली. सगुणाबाईनं कुंकवात बोट बुडवलं होतं. केशरबाईनं कमरेची पुडी काढली, उकलली आणि ताटात सुपारीशेजारी ठेवली. चांदीच्या चार बटा. सगुणाबाईचं बोट हवेतच राहिलं.

कौसल्येनं त्या केसांकडं पाहिलं. मग बहिणीकडं. आणि कपाळ मागं घेतलं.

केशरबाईनं पदर सावरला. उंबरा ओलांडून ती स्टँडच्या रस्त्याला लागली.