आईचं गाऱ्हाणं आणि गावाचं ‘व्हय’

माझ्या आईनं एकदा अख्ख्या गावाला देवीसमोर कोंडीत पकडलं होतं.

ती आई काल सकाळी गेली. नव्वदी पार केली होती. जीभ शेवटपर्यंत तिखट.

मुरुडला आमचं लॉज आहे, हे तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. मला लहानपणी वाचता येत नव्हतं, हे फार थोड्यांना माहीत आहे.

आज त्याला डिस्लेक्सिया म्हणतात. टेस्ट असते, स्पेशल टीचर असते, पेपरला जादा वेळ मिळतो.
साठ सालाच्या आसपास, दिघीच्या अलीकडच्या आमच्या गावात त्याला एकच शब्द होता.
ढ.

काल ओळखलेलं अक्षर आज मला परकं वाटायचं. बरोबरीच्या पोरी पुढे गेल्या, मी पहिलीत मुक्काम ठोकून.

शाळा एका खोलीची, मास्तर एकच. शाळा तपासायला साहेब आले की मास्तर मला मागच्या दारानं घरी धाडायचे. साहेबांसमोर शोभा नको!

एकदा आईनं विचारलं, "आज शाळा लवकर सुटली?"
"माझीच सुटली," मी म्हटलं.

आई चिखलाच्या पायांनी तशीच शाळेत.
"मास्तर, माझी पोर ह्या शाळेतली हाय का न्हाय?"

मास्तर वाईट नव्हते हो. म्हणाले, "वहिनी, मी एकटा चार यत्ता सांभाळतो. हिला वेगळं माणूस लागेल, रोज शेजारी बसून शिकवणारं. त्याचा पगार कोण देणार? त्यापेक्षा हिला भातलावणीला न्या."

आईनं त्यातलं एकच उचललं. वेगळं माणूस मिळालं तर पोर शिकेल!

मग तिनं गावातली अशी शाळेतून काढून घरी बसवलेली पोरं हुडकली. कोणी गुरं राखत होतं, कोणी धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन हिंडत होतं. त्यांच्या आयांना आमच्या पडवीत जमवलं.
आज ह्याला पेरेंट्स ग्रुप म्हणतात. तेव्हा गाव म्हणालं, बायकांना कामं उरली नाहीत.

गावाचा पैसा असायचा मुंबई मंडळाकडे. आमचे निम्मे पुरुष मुंबईला गिरणीत, गोदीत. त्यांच्या वर्गणीतून गावाची कामं व्हायची. त्या वर्षी देवळाला सभामंडप बांधायचं ठरलं होतं.

मंडळाचे अध्यक्ष होते अण्णा. पांढरा शर्ट, खिशाला पेन. ते गावी आल्यावर आईनं त्यांना गाठलं. त्या वेगळ्या माणसाच्या पगाराचं मला मंडळाच्या बैठकीत मांडू द्या, म्हणाली.
"वहिनी, मंडळाच्या बैठकीत बायका बोलत नाहीत," अण्णा म्हणाले.
"बरं," आई म्हणाली.

आई नुसतं "बरं" म्हणाली की आम्ही पोरं लांब बसायचो.

मग शिमगा आला. मुंबईकर झाडून गावी आले.

आमच्याकडे शिमग्याला देवीची पालखी घरोघर जाते. ज्याचं घर, तो आपलं मागणं गुरवाच्या कानात सांगतो. गुरव ते मोठ्यानं देवीपुढे घालतो. तेच गाऱ्हाणं. दर मागण्याला सगळ्यांनी हात जोडून "व्हय म्हाराजा" म्हणायचं.

बाबांना त्या वर्षी गिरणीतून रजा मिळाली नव्हती. त्यामुळे आमच्या अंगणात गाऱ्हाणं सांगायला आई.
ती गुरवकाकांच्या कानाशी बराच वेळ बोलत राहिली.

"आई गावदेवी, ह्या घरच्या माउलीनं तुझी ओटी भरली हाय, ती गोड मानून घे!"
"व्हय म्हाराजा!"
"गावच्या लेकरांना सुखी ठेव!"
"व्हय म्हाराजा!"
"ज्या लेकरांच्या डोक्यात अक्षर ठरत न्हाय, त्यांच्यासाठी शाळेत येगळी बाई येऊ दे, आणि तिचा पगार मुंबई मंडळाच्या हातून होऊ दे!"
"व्हय म्हाराजा!"

सगळ्यात मोठा आवाज अण्णांचा. सवयच ती.

मग त्यांनी डोळे उघडले.
"हे काय गाऱ्हाणं झालं? अहो, ते पैसे देवीच्या मंडपाचे आहेत!"

आई पालखीसमोर नारळ घेऊन उभी.
"अण्णा, तुम्ही तिच्यासमोर व्हय बोललाव. आता न्हाय बोलायचं तर तिलाच सांगा. ही काय समोर बसलीय."

सांगतो कोण? कोणाची छाती होती!

शेवटी गुरवकाका म्हणाले, "नारळ फोडू ना अण्णा? पुढची घरं खोळंबलीत."
"फोडा," अण्णा म्हणाले.

गुरवकाकांचा नातू आमच्या त्या पोरांपैकीच एक होता. हे अण्णांच्या उशिरा लक्षात आलं.

पावसाळ्यानंतर बोर्ली पंचतनहून बाई यायला लागल्या. शाळेची एकच खोली भरलेली, म्हणून आमच्याच पडवीत बसायच्या. सुपात तांदूळ पसरून आमच्या बोटानं अक्षरं काढून घ्यायच्या. पुसलं की परत. चुकलं की ओरडा नाही. तांदूळ आईचे. शिकवणी झाली की तेच धुऊन चुलीवर चढायचे.

देवीचा मंडप काही वर्षं रखडला. देवीनं तक्रार केली नाही.

त्या पडवीतले आम्ही सगळे वाचायला शिकलो असं मी म्हणणार नाही. गुरवाचा नातू नाही शिकला. पण त्याला पुन्हा कोणी मागच्या दारानं घालवलं नाही. आणि मी शिकले. सावकाश, अडखळत, पण शिकले!

आईला स्वतःला एक अक्षर येत नव्हतं. गेल्या काही वर्षांत दुपारी तिला पेपर वाचून दाखवायचे मी. माझं अजून अडखळतंच.

परवा माझी नात म्हणाली, "पणजी, मी वाचते ना. पटकन होईल."
अंथरुणातून आईचा आवाज आला, "तू गप. तिलाच वाचू दे. तिच्या वाचनाला गावानं व्हय म्हटलंय."

ते तिचं शेवटचं धड वाक्य.

ही पोस्ट कालपासून लिहितेय. एक अक्षर कोणाला टाईप करू दिलेलं नाही. चुका असतील, कमेंटमध्ये सुधारत बसू नका.

आई, सुखानं जा. तिकडे काही मनासारखं नसेल तर घाल गाऱ्हाणं.
आम्ही सगळे इथून म्हणतो.

व्हय म्हाराजा.