हरणीची म्होरकी

ट्रकला लावलेल्या फळीपाशी आमची घोडी हरणी उभी होती. अण्णा म्हणाले, "आधी तुझी घाल." मी बेंगळुरूत चिकपेटच्या दुकानातून आणलेली निळी नायलॉनची म्होरकी तिच्या तोंडावर चढवली, बक्कल लावलं, दोर हातात घेतला. मग अण्णांनी तिची जुनी म्होरकी सोडवली. सुती, त्यांनी स्वतः विणलेली, घामानं काळी पडलेली. ती त्यांनी खांद्यावर टाकली, हरणीच्या पुठ्ठ्यावर एक थाप मारली आणि गोठ्यात गेले. खुंटीवर म्होरकी अडकवल्याचा आवाज मला बाहेर ऐकू आला. ट्रक निघाला तरी ते बाहेर आले नाहीत.

आमच्याकडे जनावर विकलं तरी म्होरकी देत नाहीत. तिच्यासोबत दावणीची बरकत जाते म्हणतात. घेणाऱ्यानं आपली दोरी आणायची आणि जनावर न्यायचं. हे मला लहानपणापासून माहीत होतं. पण मी काही बाजारातली गिऱ्हाईक नव्हते, त्यांची मुलगी होते. ड्रायव्हरशेजारी बसून विजापूर येईपर्यंत मी चिडलेलीच होते.

अकलूजपासून थोडं आत, नीरेच्या काठी आमचं घर आहे. आई गेल्यापासून अण्णा तिथे एकटेच राहत होते, म्हणजे ते आणि हरणी. पाणी पाजताना घोडीनं मान झटकली, अण्णा हौदाच्या कडेवर आपटले आणि मनगट मोडलं. शेजाऱ्यांनी दवाखान्यात नेलं. पुण्याहून माझा भाऊ विजय आला, बेंगळुरूहून मी गेले. दोघांनीही आमच्याकडे चला म्हणून सांगितलं. उत्तर ठरलेलं होतं, गेली कित्येक वर्षं आम्ही तेच ऐकत आलो होतो. "घोडी हाय तवर मी हितनं हलत न्हाय."

विजय त्यांच्याशी वाद घालत बसला. त्याचा फ्लॅट चौथ्या मजल्यावर, तो दुसरं काय करणार! मी मात्र येलहंकाच्या पुढे, दोड्डबल्लापूर रस्त्याला पागा चालवते. सहा घोडी आहेत, एक ठाण रिकामं होतं. मी ट्रक ठरवला आणि अण्णांना सांगितलं, "घोडी मी नेते."

"ने," ते म्हणाले. एवढंच.

माझा हिशेब साधा होता. घोडी गेली की मागोमाग माणूस येईल. खुंटीवर म्होरकी अडकवल्याचा तो आवाज ऐकला तेव्हा पहिल्यांदा वाटलं, की हिशेब चुकला असेल तर गोठाही रिकामा होईल आणि ते तिथे एकटेच बसतील. आणि तेही माझ्यामुळे.

मी स्वतः घर सोडलं तेव्हा अण्णांनी मला स्कूटरवरून कुर्डुवाडी स्टेशनला सोडलं होतं. बेंगळुरूच्या एका कंपनीत ट्रेनी म्हणून नोकरी लागली होती. रडारड आईनं घरीच उरकून घेतली होती. गाडी हलायच्या आधी अण्णा खिडकीशी येऊन म्हणाले, "नव्या ठाणावर जनावर आधी पानी सोडतं, मग वैरन. तू तसं करू नको. पोचलीस की पोटभर जेव." मी ते तंतोतंत पाळलं. मल्लेश्वरमच्या एका खाणावळीत पहिल्याच दुपारी भात-सारू तीनदा मागून घेतला. वाढणारी अक्का हसली आणि रोज विचारू लागली, "ऊट आयता?" जेवण झालं का, एवढाच त्याचा अर्थ. या शहरात मी शिकलेलं ते पहिलं कन्नड वाक्य, आणि अजूनही सगळ्यांत उपयोगी पडणारं. घर सोडून येणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगते: आधी जेवा, मग आठवणी काढा.

नोकरी केली, लग्न केलं, नोकरी सोडली, पागा काढली. नवरा अजून महादेवपुऱ्यातल्या आयटी पार्कात जातो आणि संध्याकाळी ट्रॅफिकमधून माझ्या सगळ्यांत म्हाताऱ्या घोड्यापेक्षा हळू घरी पोचतो. त्यामुळे घोड्यांवरून तो मला काही बोलू शकत नाही.

हरणीनं बेंगळुरूत आल्या आल्या पाणी सोडलं. इथलं बोअरचं पाणी जड आहे. ती बादलीत नाक घालायची, फुरफुरायची आणि मान फिरवायची. मंजण्णा, घोड्यांची देखभाल करणारा माझा मोतद्दार, दुसऱ्या दिवशी म्हणाला, "अक्का, स्वल्प वेट माडी." म्हणजे जरा थांबा. पाणी न पिणाऱ्या घोड्याच्या बाबतीत थांबत नसतात. पोटशूळ झाला की जनावर हातचं जातं. डॉक्टरला बोलावलंच होतं. तोवर अण्णांना फोन लावला.

"गुळाचा खडा टाक पान्यात," ते म्हणाले. "आनि बादली काळी नको. तिला तळ दिसाय पाहिजे."

तासाभरात ती प्यायली. त्यानंतर रोज सकाळी फोन येऊ लागला. मी कशी आहे हे त्यात नसायचंच. लीद कशी आहे, कान गरम आहेत का, कडबा खाते की लसूणघास आधी उचलते, एवढंच. मला चाललं. फोन तर येत होता.

हरणीचा एक घोळ होता. माझ्याकडे शिकायला येणारे लोक इंग्रजी पद्धतीची रपेट शिकतात: आधी कदम, म्हणजे साधं चालणं, मग दुडकी. दुडकीत घोडा उसळतो आणि बसणाऱ्यानं त्या तालावर उठबस करायची. हरणीला दुडकी येतच नाही. तिची चाल रवाल. एकेक पाय वेगळा पडतो, कुठला ना कुठला खूर सतत जमिनीवर असतो, आणि पाठीवरचं माणूस पाटावर बसल्यासारखं जातं. अण्णा तरुणपणी हातात दुधाचा भरलेला पेला घेऊन घोडेबाजारात तिच्या आजीची चाल दाखवायचे. शिकवणीच्या घोड्याला मात्र ही चाल कामाची नाही. माझ्या शिकाऊ मंडळींनी तिच्यावर उठबस करून पाहिली आणि नुसतीच दमली.

पावसाळा सरल्यावर अण्णा आले. कारण घोडीच्या नालांचं. "तुमच्या तिकडच्या नालबंदावर माझा इश्वास न्हाय. आठ दिवस ऱ्हातो, नाल मारून घेतो, जातो." एक कापडी पिशवी घेऊन ते बसमधून उतरले. ते अंघोळीला गेल्यावर मी पिशवी उघडून बघितली. दोन धोतरं, दोन सदरे, गोळ्या, खरारा. म्होरकी नव्हती.

नालांवरून आमचं पहिल्याच दिवशी वाजलं. इथे आखाड्यात मऊ रेती आहे, डांबरी रस्त्यावर मी घोडी काढत नाही. मी हरणीचे नाल काढून टाकले होते आणि खूर कानशीनं घासून घेतले होते. अण्णांनी चारही पाय उचलून पाहिले, बोटानं तळवा दाबला.

"अनवाणी ठिवलीस व्हय?"

"बघा ना, भेग आहे का कुठे?"

त्यांनी पुन्हा पाहिलं. "न्हाय," ते म्हणाले. "बरं हाय." माझ्या आयुष्यात अण्णांनी 'बरं हाय' दोनदा म्हटलंय. पहिल्यांदा दहावीच्या निकालाला.

नाल मारायचे नव्हते, तरी आठ दिवसांनी ते गेले नाहीत. पहाटे उठून हरणीला खरारा करत, मग मंजण्णाला शिकवत. एक मराठी बोलायचा, दुसरा कन्नड, आणि दोघांचंही काम अडत नव्हतं. "स्वल्प चारा" म्हणजे मूठभर आणि "सरी" म्हणजे पुरे, एवढ्यावर दोघं सकाळ काढत. मी अण्णा म्हणते म्हणून मंजण्णाही त्यांना अण्णा म्हणायचा. भाजीवाला म्हणायचा, रिक्षावाला म्हणायचा; कन्नडमध्ये कुणाही पुरुषाला अण्णा, म्हणजे दादा, म्हणतात. एकदा मला म्हणाले, "ह्या गावात पोराटोरास्नी बी माझं नाव ठाव हाय. अकलूजात कोन वळखत न्हाय." मी खुलासा केला नाही. त्यांना सगळं समजत होतं, मिशीत हसू होतं.

पण पिशवी खाटेखाली तशीच भरलेली. धोतर काढायचे, धुवायचे, वाळलं की घडी करून परत पिशवीत. मी कपाटाचा एक खण रिकामा करून दिला. तो रिकामाच राहिला.

शनिवारी केतकी यायची. नागपूरची मुलगी, महादेवपुऱ्यात नोकरीला, लॅपटॉपपुढे बसून पाठ धरलेली. तिला उसळणारा घोडा झेपेना म्हणून मी हरणीवर बसवलं. अण्णा कठड्याला टेकून उभे. "ए बाई, पाठ ताठ. पोतं हाईस का मानूस?" केतकी हसत सरळ झाली. हरणीनं दोन चकरा कदम टाकले आणि आपली आपण रवाल धरली. केतकी ओरडलीच, "मॅम, हे तर टोल्ट आहे!"

ती कंपनीच्या कामासाठी काही महिने आइसलँडला होती आणि सुट्टीच्या दिवशी तिथल्या घोड्यांवर बसायची. उतरल्यावर तिनं सगळं सांगितलं. तिथले घोडे लहान चणीचे, जाड केसांचे. बर्फातसुद्धा कळपानं बाहेर राहतात. टोल्ट ही त्यांची खास चाल, अगदी हरणीच्या रवालीसारखी. तीही लोक हातात भरलेला पेला धरून दाखवतात.

अण्णा इतका वेळ तिचं ऐकत होते. "दुधाचा?"

"नाही आजोबा, बिअरचा."

"मंग सांडत नसंलच," अण्णा म्हणाले. "थंडीत झूल घालत्यात का?"

"नाही. केसच एवढे असतात."

"खायाला काय?"

"वाळलेलं गवत. पण माहितीये का, तिथला घोडा एकदा देशाबाहेर गेला की त्याला परत येता येत नाही. रोग येऊ नये म्हणून कायदाच आहे. स्पर्धेसाठी नेला तरी तिकडेच राहतो. कायमचा."

अण्णा जरा वेळ हरणीच्या आयाळीतले गवताचे तुकडे काढत राहिले. मग म्हणाले, "मंग म्होरकी तरी ठिवून घेत असतील."

केतकीला काही कळलं नाही. मला कळलं. माझ्याशी व्यवहार केला म्हणून मी त्यांच्यावर इतके दिवस चिडून होते. त्यांनी व्यवहार केलाच नव्हता. त्यांच्या दृष्टीनं घोडी गेली ती गेली, परत यायची नव्हती. घरात तिचं काहीतरी उरावं, एवढंच.

तिथेच विचारायला हवं होतं, अण्णा, राहता का? आमच्यात असं विचारत नाहीत. मी म्हटलं, "चला, नाश्ता करून घ्या."

दिवाळी जवळ आली तसे अण्णा अस्वस्थ झाले. अकलूजचा घोडेबाजार भरायची वेळ. "जाऊन येतो" म्हणाले. पिशवी उचलली, तिच्यात भरायचं काहीच नव्हतं. बसपर्यंत मंजण्णा सोडायला गेला. घरी येऊन मी खाट पाहिली, खालची जागा स्वच्छ. कपाटाच्या खणात माझ्या चादरी पुन्हा ठेवून दिल्या. रिकामा खण ठेवून माणूस येत नाही.

सकाळचा फोन सुरू होता, पण आता त्यात बाजार होता. पंजाबचे घोडे आलेत, यंदा चालीचा घोडा कमी, सगळ्यांना नाचणारा पाहिजे. हरणीबद्दल विचारत, पण शेवटी. विजय म्हणाला, "ताई, सोड आता नाद. ते तिथेच बरे आहेत." त्याचं पटलं नाही, पण खोडूनही काढता आलं नाही. रिकाम्या गोठ्यात ते काय करत असतील, हा विचार येऊ नये म्हणून मी दोन ठाणांची छपरं दुरुस्त करून घेतली.

बाजार उठला. दुसऱ्या दिवशी फोन आला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी मी हरणीचे खूर साफ करत होते, तिचा पाय माझ्या मांडीवर, आणि तिनं एकदम मान उचलून हाक दिली. वळले तर फाटकात अण्णा. कापडी पिशवीसोबत आता एक पत्र्याची पेटी होती, ती रिक्षावाला उचलून आणत होता. खांद्यावर म्होरकी.

"कळवायचं तरी," मी म्हटलं.

"तू इचारून ट्रक आनलावतास?"

ते थेट हरणीपाशी गेले. निळी म्होरकी उतरवली, जुनी चढवायला गेले, तर नाकावरची पट्टी पुरेना. बेंगळुरूच्या हवेनं घोडी अंगानं सुटली होती. अण्णांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू तिला मीच फुगवली.

"हिला गूळ देत्येस काय रोज?"

"मंजण्णा देतो."

"स्वल्प, स्वल्प," मंजण्णा लांबूनच म्हणाला.

अण्णा ठाणाच्या उंबऱ्यावर बसले. दाभण घेतलं, पट्टीची वीण उसवली आणि नवीन सूत घालून वाढवायला लागले. मोडलेलं मनगट अजून पुरतं वळत नाही, म्हणून दोर पायाच्या अंगठ्यात धरला होता. मी शेजारी उभी राहिले. आपलं गाव कुठलं असं मला लोक विचारतात. मी अकलूज सांगते, पुढेही सांगीन. घर कुठं, हे मात्र कुणी विचारत नाही. ते माणसाला स्वतःलाच ठरवावं लागतं, आणि अण्णा दाभणानं ते ठरवत होते.

वीण पुरी झाली. त्यांनी ती हरणीला घालून पाहिली, पुन्हा काढली आणि ठाणातल्या खिळ्याला अडकवली. खिळा हलवून बघितला.

"ह्यो काढून खुंटी ठोकून घे," ते म्हणाले. "आनि ऐक. घोडी तुझी हाय, उद्या कुनाला दिलीस तर दे. म्होरकी हितनं हलवायची न्हाय."