तांटेने वाचवलेली खोकी

तांटे मारकुटी होती. आधीच सांगून टाकते, नाहीतर जुने फोटो जपणारी बाई म्हटल्यावर तुम्ही कुणीतरी मवाळ, चष्मेवाली डोळ्यांसमोर आणाल. बर्लिनमध्ये आमच्या घराखालच्या गाळ्यात तिने इथल्या काळ्या लोकांचे फोटो, पत्रं, लग्नाचे कपडे जमवले होते. तांटे म्हणजे मावशी. सगळी गल्ली तेच म्हणायची, म्हणून मीही. तिचा जन्म इथलाच. वडील घानाचे. ती लहान असतानाच त्यांना स्टेशनबाहेर टोळक्याने ठार मारलं. त्यांचा एकच फोटो तिच्याकडे होता.

गाळ्याच्या काचेवर दगड यायचे. फेकणारा हाती लागला तर तांटे त्याला बदडून काढायची आणि दगड धुऊन, चिठ्ठी लावून फडताळात ठेवायची. हा कचरा कशाला जपतेस, असं मी पुणेरी आगाऊपणाने विचारलं.

"उद्या म्हणतील, असं काही झालंच नव्हतं. तेव्हा हाच दाखवायचा, गेनाऊ, अगदी हाच," ती म्हणाली.

लोकांनी विश्वासाने दिलेली खोकी दाराजवळ, स्वतःचं, वडिलांच्या फोटोचं, पार मागच्या भिंतीला, अशी तिची रीत. पाहुण्यांना आधी वाढतात ना, तसं.

एका दुपारी दोघे आत घुसले आणि पेट्रोल ओतायला लागले. तांटेने स्टूल घालून एकाचं नाक फोडलं. दुसऱ्याने तिला लाथांनी तुडवलं, काडी ओढली आणि दोघे पळाले. मी होम ऑफिस टाकून धावत खाली आले, तर तोंडातून रक्त गळतंय आणि ही बया धुरातून खोकी बाहेर भिरकावतेय! मी आणि गल्लीतले लोक फुटपाथवर झेलत होतो. आता बाहेर ये गं, म्हणून मी अक्षरशः भीक मागितली. शेवटी बंबवाल्यांनी फरफटत आणलं, तर त्यातल्या एकाला ती कडकडून चावली. मागच्या भिंतीला आग पोचली होती.

इस्पितळात तिचे दोन्ही हात पट्ट्यांत होते. मला म्हणाली, फोनवर रेकॉर्डिंग लाव. मग डोळे मिटून वडिलांचा चेहरा सांगू लागली. रुंद कपाळ, डाव्या भुवईत खाच, मोठं नाक, वरच्या ओठावर बारीक मिशी. तिथे थांबली.

"हनुवटी," ती म्हणाली, "हनुवटी आठवत नाही गं."

आणि पट्टी बांधलेला हात तिने पलंगाच्या दांडीवर आपटला, पुन्हा आपटला. मी धरायला गेले, तर आवरेना. पांढऱ्या पट्टीवर रक्त आलं, तरी ती आपटतच राहिली.