त्या जुन्या माणसांचं पान

दादा, पनवेलला आगगाडी यायच्या आधीची गोष्ट. मी नागपूरच्या कॉलेजात शिकवायला निघालो तेव्हा माझी ट्रंक एस.टी.वर तूच चढवलीस. बाबा मिठागरातून तसेच आले होते, पोटऱ्यांवर खारा चिखल वाळलेला. गाडी हलली तसे खिडकीशी येऊन म्हणाले, "मी मेलो त माजं पान वाढशील ना रं? का तुज्या पुस्तकात तसं नाय?" गाडी निघाली आणि उत्तर राहून गेलं.

प्रश्न उगाच नव्हता. प्राणिशास्त्र शिकत होतो तेव्हा सुट्टीत आलो की मी ओटीवर बसून उत्क्रांती समजावायचो. आईला ती संक्रांतच वाटायची. कुणावर आली म्हणून विचारायची. बाबा मात्र मन लावून ऐकायचे. माणूस देवानं घडवला हे त्यांच्या लेखी पक्कं, आणि पोरगा खोटं बोलणार नाही हेही पक्कं. बिचाऱ्यांची फार ओढाताण झाली असणार. माझे शिकलेले मित्र दशावतारातला मासा नि कासव पुढे करून मोकळे व्हायचे. बाबांना तसलं काही सुचलं नाही. त्यांनी माझ्या बोलण्यातला एकच शब्द धरला, पूर्वज.

अशाच एका भाद्रपदात, पितृपक्षात, आजोबा-पणजोबांची पानं वाढून झाली, आणि बघतो तर कौलांवर आणखी एक पान. भात, वालाचं बिरडं, वर बाबांनी स्वतः ठेवलेली मिठाची चिमूट. आईनं कपाळावर हात मारला. "माकडांना जेवाला घालता?"

"पोर म्हनतं ती आपली पूर्वज हायत. मंग उपाशी कशी ठेवाची?" बाबा म्हणाले. "देवानं कशापासून का घडवला, घडवला त त्यानंच ना?"

गाव कितीतरी दिवस हसत होतं. तूही हसलास, मीही.

बाबा गेले तेव्हा मी पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. दहाव्याला खाडीकाठी कावळा पिंडाला शिवेना. आईला सांभाळीन म्हणालास, मिठागर विकणार नाही म्हणालास. कावळा तिवराच्या झाडावरून हलेना. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी हात जोडले. "बाबा, दर वर्षी तुमचं पान वाढीन." कावळा उतरला. भुकेला होता, दुसरं काही नाही. पण शब्द मी कावळ्याला दिला नव्हता.

आता इथे क्वार्टरच्या गच्चीवर दर भाद्रपदात पान ठेवतो. शेजारचे प्रोफेसर थट्टा करतात, वर्गात एक नि गच्चीवर एक म्हणून. करोत. बाबांनी त्यांच्या देवाशेजारी माझ्या विद्येला जागा करून दिली. माझ्या विद्येत मी त्यांच्यासाठी जागा शोधतो, ती सापडत नाही, आणि याचं मला फार वाईट वाटतं.

तू मला म्हणतोस, "तुझं आता तिकडेच घर झालं." नाही रे दादा. गेलेलं माणूस जिथे परत येतं, ते घर. तुझ्याकडे बाबा वर्षातून एकदा येऊन जेवून जातात. माझ्याकडे नुसता कावळा येतो.