किल्ली घेताना

काल वर्ध्यात भाड्याच्या गाडीत बसलो आणि उन्हात तापलेल्या सीटचा तोच, गोव्यातल्या गाडीसारखा वास आला.

काही वर्षांपूर्वी बाबांसोबत गोव्याला गेलो होतो. तिथे सुट्टीत गाडी भाड्याने घेतली, तेव्हा मालक किल्ली द्यायला आला. आमच्या गावच्या, वडनेरच्या सवयीने बाबा हात जोडून म्हणाले, "जय भीम." मी घाईने त्यांच्या आवाजावर आवाज चढवत म्हणालो, "नमस्ते, नमस्ते!"

गाडीत बाबांनी विचारलं, "काऊन रे, माह्यं काई चुकलं काय?"

"इथे तसं म्हणत नाहीत, बाबा."

ज्या दोन शब्दांमुळे आमच्या घरात पुस्तकं आली, तेच मी दडवत होतो.

चौथ्या दिवशी किल्ली परत दिली. बाबांनी हात जोडले, आधी माझ्याकडे पाहिलं, आणि मग मालकाला हळूच म्हणाले, "नमस्ते."