इंडिया टाइमवरचं घड्याळ

बर दुबईच्या आमच्या फ्लॅटमध्ये हॉलमधलं घड्याळ मी इंडिया टाइमवर लावलं होतं, पुण्याला आईला फोन करायला सोपं जावं म्हणून. एकदा त्याच्याखाली बसून मुलगी टीव्हीवर अमेरिकन कॉलेज फुटबॉल बघत होती. शेवटचं मिनिट संपता संपेना. मी वैतागलो.

"अगं, यांचं घड्याळ सारखं थांबतं का?"

"बाबा, दॅट्स द रूल!"

बॉल घेतलेला खेळाडू रेघेबाहेर गेला की घड्याळ थांबतं. कॉलेजच्या खेळात तर शेवटच्या दोन मिनिटांत टीम दहा यार्ड पुढे सरकली तरी थांबतं.

काय मूर्खपणा, असं मी म्हणालो खरं. पण गल्फमधला प्रत्येक जण हेच धरून जगतो. आपण रेघेबाहेर आलो, आता तिकडचं सगळं आपल्यासाठी थांबेल. "बस, अजून एक वर्ष," असं मी दर सुट्टीत आईला सांगायचो. ती नुसती मान डोलवायची.

ती गेली तेव्हा तिकीट मिळून मी पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं.

परवा बायको म्हणाली, "आता तरी ते घड्याळ इथल्या वेळेवर लावा."

मी तिच्यावर खेकसलो, "राहू दे! इथली वेळ तरी कुठे आपली आहे?"